आधी आपली बँक, मग टाल्लिन, सिंगापूर किंवा डेलावेअर

डॉलरमधलं पहिलं बिल वसूल झालं की पाठोपाठ प्रश्न येतोच: कंपनी परदेशात नोंदवू या का? पुण्यातली चार जणांची सॉफ्टवेअर कंपनी असो की ठाण्यातला दोघांचा डिझाइन स्टुडिओ, जाहिराती सगळ्यांना एकच सांगतात. पासपोर्ट अपलोड करा, कार्डाने ५०० डॉलर भरा, काही दिवसांत अमेरिकन कंपनी तयार. तिथली कंपनी खरोखरच तेवढ्यात उभी राहते. अडचण इथे होते, तीही दीड-दोन वर्षांनी, गुंतवणूकदाराचा वकील जुने कागद मागतो तेव्हा. म्हणून खालचा क्रम जाहिरातींच्या उलटा आहे: गरज आहे का, भारतात काय भरायचं, आणि मग देश.

गरज कधी असते

खरी कारणं मोजकीच. एक, परदेशी गुंतवणूकदाराने लेखी अट घातली आहे की पैसे अमुक देशातल्या कंपनीतच घालू. दोन, मोठा ग्राहक आपल्याच देशातल्या पुरवठादाराशी करार करतो. तीन, संस्थापकांपैकी कुणी तरी तिथेच राहतं आणि धंदा तिथूनच चालणार आहे.

'ग्राहक परदेशी आहेत' हे कारण पुरत नाही. भारतीय प्रायव्हेट लिमिटेडने परदेशातल्या ग्राहकाला सेवा विकून परकीय चलनात पैसे घेतले तर ती निर्यात. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ फॉर्म भरून एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, दिलं की त्या बिलावर जीएसटी लावावा लागत नाही. १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया सुरू झाल्यापासून केंद्राच्या उद्योग खात्याची (डीपीआयआयटी) स्टार्टअप म्हणून मान्यता विनाशुल्क मिळते. आणि ज्या एंजल टॅक्सला, म्हणजे शेअरांच्या वाजवी किमतीपेक्षा जास्त आलेल्या गुंतवणुकीवरच्या कराला, कंटाळून अनेक जण सिंगापूरला गेले, तो जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला. सिंगापूरची भलामण करणारा लेख त्याआधीचा असेल तर त्यातलं निम्मं कारण आता उरलेलं नाही.

कर वाचवणं हे तर कारणच नाही. कंपनी कुठे नोंदली याइतकंच ती चालते कुठून, यालाही प्राप्तिकर खातं महत्त्व देतं. वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या आत असेल तर 'प्रत्यक्ष व्यवस्थापन भारतातून होतं म्हणून कंपनीच भारतीय रहिवासी' हा नियम २०१७ च्या परिपत्रकाने लागू होत नाही, हे खरं. पण करारावर सह्या पुण्यात होतात, काम पुण्यात होतं, म्हणजे परदेशी कंपनीचं भारतात कायम आस्थापन (कर लागू होण्याइतकं धंद्याचं ठिकाण) आहे, हा मुद्दा छोट्या कंपनीलाही लागतो. तिथे शून्य टक्के कर आहे म्हणून तुमचा कर शून्य होत नाही.

भारतातली साखळी: हिच्यातच सगळ्यात जास्त चुका होतात

भारतात राहणाऱ्या माणसाने परदेशातल्या बिगर-सूचीबद्ध (शेअर बाजारात नसलेल्या) कंपनीचा एक शेअर घेतला तरी फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, भाषेत ती परदेशी थेट गुंतवणूक, म्हणजे ओडीआय. ऑगस्ट २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. क्रम असा:

१. आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात जा. प्रत्येक शाखेत हे काम होत नाही. परकीय चलन हाताळणारी नेमकी शाखा कोणती ते आधी विचारा. एका परदेशी कंपनीसाठी एकच बँक ठरवावी लागते.

२. फॉर्म एफसी भरा. बँक तो रिझर्व्ह बँकेकडे पाठवते आणि त्या परदेशी कंपनीसाठी यूआयएन हा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक मिळेपर्यंत एक डॉलरही पाठवायचा नाही.

३. मग भागभांडवलाची रक्कम बँकेतून पाठवा. व्यक्तीसाठी एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेची) मर्यादा आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. वर्षभरात १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. भांडवल मोजताना ते धरा.

४. शेअर सर्टिफिकेट ६ महिन्यांच्या आत बँकेला द्या.

५. दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे कंपनीच्या कामगिरीचा अहवाल. धंदा शून्य असला तरी कंपनी तुमच्या ताब्यात असेल तर हा सुटत नाही.

६. प्राप्तिकर विवरणपत्रात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेची यादी. इथे हिशेब आर्थिक वर्षाचा नाही, कॅलेंडर वर्षाचा लागतो, आणि नेमकं हेच चुकतं. माहिती दडवली आणि स्थावर सोडून परदेशी मालमत्ता २० लाख रुपयांपुढे असली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड आहे, उत्पन्न एक रुपया नसलं तरी.

नेहमीची चूक अशी: कंपनी काढून देणाऱ्या संकेतस्थळाला कार्डाने फी भरली, संस्थापकांच्या नावे ८० लाख शेअर निघाले, त्यांचे जेमतेम ८० डॉलर कुणी पाठवलेच नाहीत, आणि यूआयएन हा शब्द ऐकलेलाही नाही. रक्कम क्षुल्लक असते, उल्लंघन क्षुल्लक नसतं. उशीर-शुल्क भरून किंवा कंपाउंडिंगचा, म्हणजे पैसे भरून प्रकरण मिटवण्याचा, अर्ज करून ते निस्तरता येतं, पण गुंतवणूकदार नेमका दारात उभा असताना त्यात महिने जातात.

दुसरी चूक जास्त महाग पडते. निवासी व्यक्तीने स्वतःच्या नावाने केलेली गुंतवणूक वित्तीय सेवा देणाऱ्या कंपनीत चालत नाही. शिवाय त्या परदेशी कंपनीवर तुमचं नियंत्रण असेल, तर तिच्याखाली उपकंपनी असून चालत नाही. नियंत्रणाची व्याख्या १० टक्के मतांपासून सुरू होते. आता नेहमीचा आराखडा आठवा: वर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातली होल्डिंग (मालकी असलेली मूळ कंपनी), खाली पुण्याची शंभर टक्के उपकंपनी, वरचे शेअर पुण्यातल्याच दोन निवासी संस्थापकांच्या नावे. हा आराखडा या नियमावर सरळ आपटतो. संस्थापकांपैकी कुणी अनिवासी आहे का, गुंतवणूक भारतीय कंपनीमार्फत करता येते का, उपकंपनीऐवजी स्वतंत्र भारतीय कंपनी आणि सेवा करार चालेल का, हे फेमा जाणणाऱ्या सीएबरोबर नोंदणीआधी बसून ठरवा. फक्त जीएसटी आणि टॅक्स ऑडिट करणारा सीए यासाठी नको.

एस्टोनिया: सगळा भरवसा कार्डावर

जेमतेम १३-१४ लाख वस्तीचा हा देश, राजधानी टाल्लिन. १९९६ मध्ये 'वाघाची झेप' नावाच्या कार्यक्रमातून त्याने शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेलं, २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या माहितीसाठ्यांना जोडणारी एक्स-रोड उभी केली. स्काइपचं तंत्र लिहिणारे अभियंते इथलेच. २००५ मध्ये ईबेने स्काइप घेतली, आणि त्या पैशातून व त्या माणसांतून पुढच्या कंपन्या निघाल्या. आज वाइज नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचा एक संस्थापक स्काइपचा पहिला कर्मचारी होता. एवढ्या लहान देशात मंत्र्यापासून प्रोग्रामरपर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून नियम पटकन बदलतात. परक्याला मात्र ही ओळख मिळत नाही. त्याला मिळतं ते कार्ड.

१ डिसेंबर २०१४ पासून चालू असलेली ई-रेसिडेन्सी म्हणजे डिजिटल सहीचं साधन. ती व्हिसा नाही, रहिवास नाही, करनिवासही नाही. अर्ज ऑनलाइन: पासपोर्ट, फोटो, धंद्याचा हेतू. शासकीय फी साधारण १५० युरो. पोलीस व सीमारक्षक मंडळ पार्श्वभूमी तपासतं. साधारण महिना धरा, मग कार्ड पोचायला आणखी काही आठवडे. कार्ड घरपोच येत नाही. अर्जात निवडलेल्या ठिकाणी, उदाहरणार्थ दिल्लीतल्या एस्टोनियन वकिलातीत, स्वतः जाऊन बोटांचे ठसे देऊन घ्यावं लागतं. हेतूच्या रकान्यात 'बिझनेस इन युरोप' असं मोघम लिहू नका. काय विकणार, कुणाला, आणि एस्टोनियाच का, तीन-चार वाक्यांत लिहा.

पाकिटात कार्ड, रीडर आणि कोड. पिन-१ ओळख पटवायला, पिन-२ सही करायला, पीयूके अडकलेला पिन सोडवायला. पिन-२ तीनदा चुकला की सही बंद. कोडचा कागद कार्डाबरोबर एकाच पाकिटात ठेवणं म्हणजे एटीएम कार्डावर पिन लिहिणं. २०१७ मध्ये चिपमध्ये दोष सापडला तेव्हा सुमारे साडेसात लाख कार्डांची प्रमाणपत्रं सरकारने थांबवली होती; तेव्हापासून शहाणे लोक सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवतात आणि महत्त्वाची सही शेवटच्या दिवसावर टाकत नाहीत.

नंतरचं काम खरंच सोपं. ई-बिझनेस रजिस्टरमध्ये नाव तपासा, मुख्य धंद्याचा कोड निवडा, ओयू प्रकारच्या (आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारख्या) कंपनीचा अर्ज भरा, सगळ्या संचालकांनी डिजिटल सही करा, २६५ युरो भरा. संचालक मंडळ परदेशात असेल तर एस्टोनियातला पत्ता आणि परवानाधारक संपर्क व्यक्ती लागते. ही सेवा वर्षाला काही शे युरोंना मिळते. १ फेब्रुवारी २०२३ पासून किमान २,५०० युरो भांडवलाची अट गेली, भागधारकामागे १ सेंटही चालतो. चालतो म्हणून ठेवू मात्र नका. भांडवल १ युरो ठेवलं की हिशेबनिसाचं पहिलंच बिल नक्त मालमत्ता उणे करतं आणि ते सार्वजनिक वार्षिक अहवालात दिसतं. वर्षभराचा खर्च भागेल एवढं तरी घाला.

'शून्य टक्के कर' म्हणजे काय, तेही नीट बघा. नफा कंपनीतच ठेवला तर कर नाही. वाटला तर २२/७८ या प्रमाणात. हातात ७८ युरो लाभांश घ्यायचा तर कंपनी २२ युरो कर भरते. वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत. व्हॅटची नोंदणी उलाढाल ४०,००० युरोंपुढे गेली की सक्तीची.

गाडी अडते ती बँक खात्यावर. कार्ड सरकारचं, पण खातं द्यायचं की नाही हे बँक ठरवते, आणि एस्टोनियाशी काहीच संबंध नसलेल्या संचालकाला स्थानिक बँका बहुधा नकार देतात. म्हणून नोंदणीची फी भरण्याआधी खात्याची सोय कुठे होईल हे लेखी विचारून घ्या. एकट्या सल्लागाराला, छोट्या सॉफ्टवेअर विक्रेत्याला हा देश ठीक. मोठं भांडवल उभारायचं असेल तर कार्डाने गुंतवणूकदार मिळत नाही.

सिंगापूर: कागद नको, माणूस दाखवा

इथे यंत्रणेचा भरवसा स्थानिक माणसावर. निदान एक संचालक सिंगापूरचा रहिवासी हवा, ६ महिन्यांत कंपनी सेक्रेटरी नेमायला हवा (एकच संचालक असेल तर तो स्वतः सेक्रेटरी होऊ शकत नाही), आणि खरा पत्ता हवा. टपालपेटी चालत नाही. कंपन्या नोंदवणाऱ्या एसीआरए या खात्याची फी नावासाठी १५ आणि नोंदणीसाठी ३०० सिंगापूर डॉलर. भरलेलं भांडवल १ डॉलरपासून. परक्याला हे स्वतः भरता येत नाही. नोंदणीकृत सेवा कंपनी लागते. खर्च खरा तिथेच: भाड्याचा संचालक, सेक्रेटरी, पत्ता, हिशेब मिळून वर्षाला काही हजार डॉलर. जून २०२५ पासून भाड्याच्या संचालकांवरचे नियम कडक झाले आहेत, त्यामुळे स्वस्तात नाव देणाऱ्यापासून लांब राहा.

करसवलतीची जाहिरात अशी असते: कर १७ टक्के, पण नव्या कंपनीला पहिली तीन वर्षं पहिल्या १ लाख सिंगापूर डॉलर नफ्याच्या ७५ टक्क्यांवर आणि पुढच्या १ लाखाच्या ५० टक्क्यांवर माफी. जाहिरातीत गाळलेली ओळ अशी: ही माफी सिंगापूरची करनिवासी असलेल्या कंपनीलाच, आणि करनिवास ठरतो तो महत्त्वाचे निर्णय कुठे होतात त्यावरून. स्थानिक संचालक नावापुरता, बैठका पुण्यातून व्हिडिओवर, तर करनिवास मिळत नाही, माफीही नाही, आणि भारताबरोबरच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारासाठी लागणारा दाखलाही नाही. सिंगापूर निवडायचं तर एका संस्थापकाने तिथे जाऊन राहायचं, अशी तयारी ठेवा. आयर राजा क्रेसेंटवरच्या ब्लॉक ७१ मध्ये एकेकाळची कारखान्याची इमारत २०११ पासून स्टार्टअपना दिली आहे. गुंतवणूकदार, विद्यापीठाचे लोक आणि संस्थापक एकाच जिन्यात भेटावेत हाच त्यामागचा हिशेब. तो जिना पुण्याहून चढता येत नाही.

आणखी एक. सिंगापूरमधून १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भारतीय शेअरांवरचा भांडवली नफा भारतात करपात्र झाला, त्यामुळे सिंगापूरमार्गे भारतात गुंतवण्याचा जुना फायदा संपला.

डेलावेअर: आत येणं स्वस्त, हिशेब नंतर

अमेरिकन पद्धत करारावर चालते. सुरुवातीला कुणी काही विचारत नाही; पुढे प्रत्येक कागद वाचला जातो. कॅलिफोर्नियात १८७२ पासून नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे जायला बंदी घालणारे करार कोर्टात टिकत नाहीत. माणसं सतत या कंपनीतून त्या कंपनीत जातात, म्हणून कोडची मालकी कुणाची, हा प्रश्न तिथे सर्वांत आधी येतो. कंपनी मात्र डेलावेअरमध्ये, कारण कंपन्यांचे वाद चालवणाऱ्या, १७९२ पासूनच्या तिथल्या चान्सरी कोर्टाचे निकाल वकिलांना तोंडपाठ असतात.

नेहमीची मांडणी: सी-कॉर्प (गुंतवणूकदारांना चालणारी नेहमीची अमेरिकन कंपनी), १ कोटी अधिकृत शेअर, दर्शनी किंमत ०.००००१ डॉलर, ८० लाख संस्थापकांना, बाकी पुढच्या कर्मचाऱ्यांसाठी राखून. संस्थापकांचे शेअरही चार वर्षांत मिळत जातात आणि पहिल्या वर्षाआधी सोडून गेला तर काहीच नाही. मित्रांना हे अविश्वासाचं वाटतं. मैत्री घट्ट असतानाच सही करून घ्या.

असे टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर घेणाऱ्याने ८३(बी)चं पत्र ('कर आजच्याच किमतीवर धरा' असं सांगणारं) अमेरिकी कर खात्याला ३० दिवसांत पाठवायचं. एकतिसाव्या दिवशी काही उपाय नाही. तुम्ही आज अमेरिकी करदाते नसाल, पण उद्या व्हिसावर तिथे गेलात तर हेच पत्र शोधाल. पोचपावती जपा.

ईआयएन, म्हणजे कंपनीच्या अमेरिकी कर क्रमांकासाठी सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर ऑनलाइन अर्ज होत नाही. एसएस-४ फॉर्म फॅक्सने पाठवायचा आणि काही आठवडे थांबायचं. त्याशिवाय बँक खातं नाही.

मार्चमध्ये धक्का बसतो. डेलावेअरचा फ्रँचायझी टॅक्स (कंपनी नोंदलेली ठेवण्याचा राज्याचा वार्षिक कर) आणि वार्षिक अहवाल १ मार्चपर्यंत. नोटीस येते ८५,१६५ डॉलरची! घाबरून जाऊ नका, भरूही नका. ती रक्कम अधिकृत शेअरांच्या संख्येवरून काढलेली असते. त्याच पोर्टलवर दुसरी पद्धत आहे, गृहीत दर्शनी किमतीची. त्यात वाटलेले शेअर आणि एकूण मालमत्तेचे आकडे भरले की लहान कंपनीचा कर किमान ४०० डॉलरवर येतो, वर ५० डॉलर अहवालाची फी. उशीर झाला तर २०० डॉलर दंड आणि महिना दीड टक्का व्याज.

मग १५ एप्रिल: फॉर्म ११२०, म्हणजे कंपनीचं प्राप्तिकर विवरणपत्र, आणि परदेशी मालकाकडे २५ टक्के किंवा जास्त हिस्सा असून त्याच्याशी व्यवहार झाला असेल तर फॉर्म ५४७२. हा चुकला तर २५,००० डॉलर दंड. ज्या कंपनीची वर्षाची विक्री ६,००० डॉलर, तिला हा दंड म्हणजे तेराव्यालाच निमंत्रण.

कोडच्या हस्तांतरणाचा करार अमेरिकन नमुन्यावरून उतरवू नका. भारतात लिहिलेल्या कोडला भारतीय स्वामित्वहक्क कायदा लागतो. त्याच्या कलम १९ प्रमाणे करारात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण ५ वर्षांचंच समजलं जातं, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर करारात तशी सूट नसल्यास तो परत जातो. तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहा: कायमचं, जगभर, न वापरल्यास परत न जाणारं.

इतर देश: पैसा, जागा किंवा कंपनी

इस्रायलच्या सरकारने १९९३ मध्ये योझ्मा कार्यक्रमात १० कोटी डॉलर घातले. नव्या कंपन्यांत पैसे घालणाऱ्या दहा खासगी फंडांमध्ये वाटा घेतला आणि पाच वर्षांत सरकारचा वाटा मूळ किंमत अधिक व्याजाने विकत घ्यायची मुभा फंडांना दिली. नफा खासगी भागीदाराचा, जोखमीत सरकारही, म्हणून परदेशी पैसा आला. तिथल्या इनोव्हेशन अथॉरिटीचं अनुदान मात्र फुकट नाही: विक्रीवर रॉयल्टी, आणि तंत्रज्ञान देशाबाहेर न्यायचं तर परवानगी आणि पैसे. भागीदार इस्रायली असेल तर ते कलम आधी वाचा. चिलीने २०१० मध्ये उलटी वाट धरली: हिस्सा न मागता ४०,००० डॉलर आणि वर्षाचा व्हिसा, अट एवढीच की इथे येऊन राहा. जर्मनीत घाई असेल तर जाऊच नका; जीएमबीएच या तिथल्या खासगी मर्यादित कंपनीला २५,००० युरो भांडवल, त्यातले १२,५०० नोंदणीआधी, आणि नोटरीशिवाय पान हलत नाही. १ युरोत निघणारी यूजी ही तिची छोटी आवृत्ती आहे, पण तिला दर वर्षी नफ्याचा चौथा हिस्सा बाजूला ठेवावा लागतो.

परत यायचं किंवा बंद करायचं तर

परतीचा रस्ता महाग आहे. फोनपेने २०२२ मध्ये मुख्यालय सिंगापूरहून भारतात आणलं तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांवर सुमारे ८,००० कोटी रुपयांचा कर पडला. मूल्यांकन लहान असतानाच देश बदलला तर कर लहान, म्हणून शंका असेल तर पहिल्या मोठ्या गुंतवणुकीआधी निर्णय घ्या. सप्टेंबर २०२४ पासून परदेशी होल्डिंग कंपनी आपल्याच पूर्ण मालकीच्या भारतीय उपकंपनीत जलदगती मार्गाने विलीन करता येते. कराचा प्रश्न वेगळा उरतो, पण वेळ वाचतो.

धंदा चाललाच नाही तर कंपनी नुसती सोडून देऊ नका. डेलावेअर थकलेला सगळा फ्रँचायझी टॅक्स घेतल्याशिवाय विसर्जन नोंदवत नाही, आणि तो दर मार्चला वाढत राहतो. सिंगापूरमध्ये नाव काढून घ्यायला फी नाही, पण धंदा बंद, देणी शून्य आणि कर खात्याचं काही बाकी नाही, असं असावं लागतं. तिकडून काही रक्कम येणं असेल तर ती ९० दिवसांत भारतात आणायची आणि मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याच बँकेत, त्याच यूआयएनवर, पुन्हा फॉर्म एफसी भरून निर्गुंतवणूक कळवायची. बंद झाल्याचा दाखला बँकेच्या फाइलला लागेपर्यंत डिसेंबरचा एपीआर तुमच्याच नावावर निघत राहतो.